मेंढीच्या मटणाला रानाची चव कुठनं येते?

प्रश्न: ताई, आमच्या घरी बोल्हाईचंच, म्हणजे मेंढीचंच, मटण चालतं. पावसाळा सरला की मारवाडचे रायका लोक मेंढ्या घेऊन इकडे माळव्यात उतरतात, त्यांच्याकडचं मटण आणलं की वास एकदम वेगळा, बांधून खुराक दिलेल्या मेंढीचं तसं लागतच नाही. फ्रान्सकडे म्हणे मेंढ्या डोंगरातली थाईम नावाची सुगंधी वनस्पती खातात नि मटण आतूनच मसालेदार होतं, हे खरं का? – एक वाचक, इंदूर

उत्तर: दादा, फरक खरा आहे, पण तो मांसापेक्षा चरबीत जास्त असतो. कोवळा हिरवा चारा मेंढीच्या पोटात गेला की त्यातलं प्रोटीन फार पटकन फुटतं, तिथले जंतू त्यातनं स्कॅटोल नावाचं द्रव्य बनवतात आणि ते रक्तातनं थेट चरबीत जाऊन बसतं, तुम्हाला जो रानातला वास येतो ना त्यात याचा मोठा वाटा. धान्याच्या खुराकावरच्या मेंढीत हे कमी, पण तिच्या चरबीत दुसरीच फॅटी अ‍ॅसिडं वाढतात, तो खास मेंढीचा उग्र वास त्यांचाच, आणि वय वाढेल तसा तोही वाढतो. म्हणून आधी वय विचारा, मग चारा.

थाईमचं म्हणाल तर सुगंधी झाडपाल्यातली टर्पिन नावाची वासाची द्रव्यं चरबीत उतरतात, पण अगदी नखभर, त्याने मटण मसालेदार वगैरे होत नाही. फ्रान्समध्येच मों सें मिशेलच्या खाडीत भरतीचं पाणी चढतं त्या खारट कुरणावर मेंढ्या चरतात, त्या मटणाचं केवढं नाव आहे, पण ते खाऊन कुणाला खारट लागत नाही, जास्तीचं मीठ मेंढी लघवीवाटे टाकून देते.

आता एक कळकळीने सांगते, एवढं चांगलं मटण मिळतंय तर त्यावर पहिल्याच फटक्यात काळा मसाला ओतू नका हो. चरबीचा एक तुकडा कोऱ्या तव्यावर मंद आचेवर वितळू द्या, मीठही नको, नुसता वास घ्या, दोन ठिकाणचं मटण असेल तर फरक लगेच कळतो. मग हळद, मीठ, आलं एवढ्यावरच शिजवून अळणी रस्सा आधी वाटीत काढा, तिखट रस्सा नंतर करा. आणि प्याल तो कढत कढतच, मेंढीची चरबी लवकर थिजते आणि मग टाळूला चिकटते, चव काही कळत नाही.