डिग्रीवाल्या, डिप्लोमावाल्या आणि टेबलावरची बाई

या महिन्याच्या टपालात नर्सिंगच्या मुलींची पत्रं एवढी आली, की केस गळती आणि सासूबाई दोन्ही पुढच्या अंकावर ढकलल्या. पत्रं वेगवेगळ्या जिल्ह्यांतली, पण रडगाणं एकच: जीएनएमवाल्या (तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा) विरुद्ध बी.एस्सी.वाल्या (चार वर्षांची पदवी). मी स्वतः आधी जीएनएम, मग नोकरी करता करता पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोम्यानंतरची पदवी), पुढे पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगची शिक्षिका) आणि शेवटी अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात. निवडक पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, मी जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या जिल्हा रुग्णालयात एका खासगी कॉलेजच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलीही पोस्टिंगला येतात. मागच्या आठवड्यात माझ्या नाईटला एक पहिलटकरीण आली. तिच्या कळा, बाळाचे ठोके, पार्टोग्राफ (बाळंतपणाच्या प्रगतीचा तक्ता), सगळं मी रात्रभर पाहिलं. कंबर चोळून दिली. सकाळी आठला ड्युटी संपत होती, तरी थांबले. डोकं दिसायला लागलं आणि नेमकी त्यांची बस आली. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "आमच्या मुलींच्या केसेस भरायच्या आहेत, तुझी ड्युटी संपली ना?" बाळंतपण त्यांच्या मुलीने केलं, नोंद तिच्या केसबुकात (केलेल्या कामाच्या वहीत) गेली. मी बोलले तर ती म्हणते, "डिप्लोमावाल्यांना मेकॅनिझम ऑफ लेबर (बाळ वळत वळत बाहेर कसं येतं ते) कुठे कळतं?" मीही म्हटलं, "आधी सलाईन लावायला शीक." आता आमचं बोलणं बंद आहे. चूक कोणाची?

उत्तर : अगं पोरी, बाळंतपण तुझ्याच हातून व्हायला हवं होतं. तू रात्रभर जागलीस म्हणून बक्षीस, असं मी म्हणत नाही. त्या बाईला तुझा आवाज ओळखीचा झाला होता. "आता जोर लाव, आता थांब, श्वास सोड" हे ती तुझं ऐकत होती. ऐन वेळी नवीन चेहरा समोर आला की पहिलटकरीण बावचळते, कळ वाया जाते. त्या वेळी मी लेबर रूमची इनचार्ज असते, तर त्या मॅडमना सांगितलं असतं की तुमच्या मुलीला हिच्या बाजूला उभी करा.

आता दुसरी बाजू. त्या मुलीच्या केसबुकातही स्वतः केलेल्या बाळंतपणांचा आकडा भरायचा असतो, तुझ्याही. नर्सिंग कॉलेजं वाढली म्हणून त्या जिल्ह्यातल्या बायका जास्त बाळंत होत नाहीत. एका लेबर रूमला दोन-तीन संस्थांची परवानगी असते, आणि टेबलाभोवती मुलींचा घोळका. मग वर्ष संपताना सह्यांसाठी पळापळ, आणि कधी कधी न केलेल्या केसेसही वहीत 'होतात'. हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. भांडण तुम्हा दोघींचं दिसतं, पण आहे ते दोन संस्थांच्या पाठ्यनिर्देशिकांचं. त्यांनी महिना सुरू होण्याआधी एका टेबलाशी बसून वाटणी केलेली नाही, म्हणून तुम्ही टेबलाशी उभ्या राहून भांडता.

वाटणी करता येते, मी केलेली आहे. केसबुकात बाळंतपण एका रकान्यात असतं, नवजात बाळाची काळजी वेगळ्या रकान्यात, गरोदरपणातली तपासणी आणखी वेगळ्या. एका जन्मात किती काम असतं ते बघ. बाळ बाहेर आल्याबरोबर कोरडं करून आईच्या पोटावर ठेवायचं. एका मिनिटाच्या आत आईला मांडीत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन. नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं. मग वार हलक्या हाताने, पोटावर आधार देऊन काढायची आणि ती पुरी आली का हे पालथी-उताणी करून बघायची. तिकडे बाळ रडलं का, रंग कसा आहे, वजन, व्हिटॅमिन के, तासाभराच्या आत छातीला लावणं. एकीच्या दोन हातांत हे मावतच नाही. जी बाईला दाखल झाल्यापासून सांभाळतेय तिने बाळंतपण करायचं, दुसरीने बाळ घ्यायचं, तिसरीने इंजेक्शन भरून वेळ लिहायची. पुढच्या बाईला पाळी बदलायची. लेबर रजिस्टरशेजारी एक कागद चिकटवा, त्यावर दोन्ही संस्थांच्या मुलींची नावं आणि कोणाचे किती झाले ते लिहा. कागद भिंतीवर असला की कोणाला "आमच्या कमी आहेत" असं मोघम म्हणता येत नाही.

हे तू त्या मुलीला सांगायला जाऊ नकोस. तुझ्या पाठ्यनिर्देशिकेला आणि लेबर रूमच्या परिसेविकेला (इनचार्ज सिस्टरला) लिहून दे. तोंडी सांगितलेलं राउंडमध्ये विरून जातं.

राहिलं टोमण्यांचं. मेकॅनिझम ऑफ लेबर तुझ्या मिडवाइफरीच्या पुस्तकात आहे, सलाईन लावणं तिच्या अभ्यासक्रमात आहे. दोघी खोटं बोललात. आणि बोललात कुठे, तर टाके घालून घ्यायला पाय वर बांधून पडलेल्या बाईच्या उशाशी. "ही शिकलेली नाही, तिला काही येत नाही" हे तिने ऐकलं असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल? त्याबद्दल मात्र तुम्हा दोघींना माझ्या वॉर्डात शिक्षा झाली असती, आणि ती बेडपॅन धुण्याची नसती. त्या बाईजवळ बसून तिला बाळाला नीट पाजायला शिकवण्याची असती. दोघींनी मिळून.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या सेमिस्टरला आहे. सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन आले. बाबांनी शिक्षणासाठी कर्ज काढलंय. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर (बहुतेक जीएनएम) आम्हाला "आल्या डिग्रीवाल्या" म्हणतात आणि फक्त बेडमेकिंगला लावतात. माझी मावसबहीण जीएनएम करून एका खासगी हॉस्पिटलमध्ये लागलीसुद्धा. तिथेच आमची सिनियर बी.एस्सी. होऊन लागली, पगार दोघींना सारखाच! मग मी चार वर्षं कशासाठी घालवू? खूप चिडचिड होते.

उत्तर : चिडचिड साहजिक आहे, पण ती भलत्याच माणसावर निघतेय. मावसबहिणीने तुझा पगार कमी केलेला नाही.

आधी हिशोब मांडू. तीन वर्षांचं जीएनएम असो की चार वर्षांचं बी.एस्सी., महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी दोघींची एकच, नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत सुईण. वॉर्डात औषध देताना कोणी पदवी विचारत नाही. सरकारी अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) जागेला दोघी अर्ज करतात. फरक पडतो तो पुढे. एम्स रुग्णालयांच्या परिचारिका भरतीची नॉरसेट परीक्षा बी.एस्सी. झाल्या झाल्या देता येते. जीएनएमवालीला त्यासाठी किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथे लागलीस तर मूळ वेतन ४४,९०० पासून. पोस्ट बेसिक न करता एम.एस्सी. करता येतं, शिकवायला जाता येतं. मावसबहिणीला त्यासाठी आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करावं लागेल. मात्र ती तुझ्या आधी कमवायला लागली, घराला हातभार लावतेय, आणि तिचा हात बसलाय. या गोष्टीही मोजायला शीक.

आता खासगी पगाराचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या स्थितीवर समिती नेमायला सांगितलं. समितीच्या शिफारशी अशा: दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारी परिचारिकेएवढा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर पंचवीस टक्के कमी. पन्नासच्या आतल्या रुग्णालयातही वीस हजारांच्या खाली नाही. मावसबहिणीच्या हॉस्पिटलच्या खाटा मोज आणि तिची पगाराची पावती बघ. तुला कळेल की सिनियरला पदवीचे पैसे मिळाले नाहीत, आणि मावसबहिणीला तिच्या डिप्लोम्याचेही पुरते मिळालेले नाहीत. व्यवस्थापनाला हे भांडण फार सोयीचं असतं. एकीला सांगायचं, "डिप्लोमावाली कमीत तयार आहे," दुसरीला सांगायचं, "आता तर डिग्रीवालीही मिळते एवढ्यात." दोघी गप्प.

जुन्या सिस्टरांबद्दल. आपल्याकडे नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला सुरू झाली. मुंबईत लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४चं. ही कुरबुर त्या काळापासूनची म्हणायला हरकत नाही. ज्या सिस्टर काचेच्या सिरिंजा उकळून वापरायला शिकल्या, त्यांच्यासमोर तू नर्सिंग थिअरीजच्या व्याख्या म्हणून दाखवल्यास तर त्या तुला चादरीच ओढायला लावणार. पण बेडमेकिंगला नाक मुरडू नकोस. पेशंटला कुशीवर वळवल्याशिवाय माकडहाडावरची लाल झालेली कातडी दिसत नाही, आणि ती लाल असतानाच दिसली तर ठीक, नंतर दिसली तर जखम.

तुला एक बघितलेली गोष्ट सांगते. मेडिकल वॉर्डात जेवणाआधीच्या इन्शुलिनची वेळ. एका नातेवाइकाने बाहेरून शंभर ताकदीची (एका मिलीत शंभर युनिट) बाटली आणून दिली होती, ट्रेमध्ये लाल टोपीची, चाळीस ताकदीच्या इन्शुलिनसाठीची सिरिंज होती. इनचार्ज सिस्टर अनुभवी, हाताला वेग. वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. शेजारी बी.एस्सी.ची दुसऱ्या वर्षाची मुलगी उभी होती. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, बाटली शंभरची आहे, सिरिंज चाळीसची." वीसच्या रेघेवर म्हणजे अर्धा मिली, म्हणजे पन्नास युनिट गेले असते. म्हातारा जेवायच्या आत घामाघूम होऊन बेशुद्ध पडला असता. सिस्टरने सिरिंज टाकली, नारिंगी टोपीची, शंभरची मागवली, एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी ओव्हर देताना (ड्युटी सोपवताना) मात्र पुढच्या सिस्टरला म्हणाल्या, "ती उंच पोरगी आगाऊ आहे, पण डोळे उघडे ठेवते. तिला माझ्याच वॉर्डात ठेवा." महिनाभरात त्या पोरीला पातळ कातडीच्या म्हातारीच्या हातावर व्हेन कशी सापडवायची ते आलं. कौतुक असंच मिळतं बाळ, जुन्या सिस्टरांकडून. जास्त अपेक्षा ठेवू नकोस.

प्रश्न : मी सरकारी नोकरीतली अधिपरिचारिका, वय ४१. पोस्ट बेसिकला आले आहे. होस्टेलवरच्या बी.एस्सी.च्या मुली मला 'काकू' म्हणतात. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा लहान. वॉर्डात मी ज्यांना ओरडायचे त्याच वयाच्या मुली आता मला स्टॅटिस्टिक्स समजावतात. लाज वाटते.

उत्तर : काकू म्हणतात ना, मग काकूपण वापरा. त्यांना मीन, मीडियन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन येतं, तुम्हाला नाईटला एकटीने वॉर्ड कसा उभा ठेवायचा ते येतं. संध्याकाळी मेसनंतर एक तास त्यांनी शिकवायचं, एक तास तुम्ही. परीक्षेआधी त्याच पोरी तुमच्या खोलीबाहेर रांग लावतील. आणि मॅडमना "मॅडम"च म्हणा, "अगं" म्हणू नका. वयाने लहान असल्या तरी तुमच्या इंटर्नलचे गुण त्यांच्या हातात आहेत.

प्रश्न : मुलगी बारावी झाली, सायन्सला ५८ टक्के. तिचा मामा म्हणतो बी.एस्सी. कर, आत्या म्हणते जीएनएम कर. एक एजंट शेजारच्या राज्यातल्या कॉलेजात "हजेरी लागत नाही, परीक्षा बघून घेऊ" म्हणतो. काय करावं?

उत्तर : एजंटला चहा पाजून परत पाठवा. हजेरी न लावता झालेली नर्स तुमच्याच घरचं कोणी आजारी पडलं तर उशाशी उभी राहणार आहे.

सायन्स आहे, गुण बरे आहेत, चार वर्षं थांबण्याची घरची ऐपत असेल तर सीईटी देऊन बी.एस्सी. घराला लवकर पैसा हवा असेल, तर चांगल्या सरकारी शाळेतलं जीएनएम सुमार खासगी बी.एस्सी.पेक्षा कधीही सरस. मामा-आत्यांच्या भांडणात पोरीला विचारायला विसरू नका. तिला रक्त बघून चक्कर येते का, हेही.

कॉलेजची इमारत बघून भुलू नका. ते कॉलेज कोणत्या रुग्णालयाला जोडलेलं आहे ते विचारा, कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का ते बघा. मग कोणालाही न कळवता सकाळी दहाच्या सुमाराला त्या रुग्णालयात जा. खाटांवर खरोखर पेशंट आहेत का, युनिफॉर्ममधल्या मुली वॉर्डात काम करताहेत की जिन्यात बसून केसबुकं उतरवताहेत, डोळ्यांनी बघा. त्यानंतरच फी भरा, आणि पक्की पावती घ्या.