शनिवार-रविवारचे कप्पे

तू विचारलंस: तीन वर्षं एआरटी (एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या) चालू आहे, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, म्हणजे रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी, पण सुट्टीला क्रिस्टल (मेथ, एक नशा) घेऊन सेक्स होतो आणि दोन-तीनदा गोळी राहिली, डॉक्टरांना सांगू का? सांग.

माझ्याही गोळ्यांच्या डबीत सोमवारी सकाळी शनिवार-रविवारचे कप्पे भरलेलेच सापडायचे. क्रिस्टलवर दोन रात्री जागलं की गोळीची वेळ कुठली, दिवस कुठला, काही कळत नाही. गजर वाजायचा, मी बंद करायचो. शेवटी एक जास्तीची गोळी पाकिटात ठेवायला लागलो. नशेत गोळी नको म्हणून मुद्दाम टाळणारेही भेटलेत. तसं करू नकोस.

कारण जोडीदाराला एचआयव्ही न जाणं त्या गोळीवरच आहे. २०१९च्या पार्टनर अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांत कंडोमशिवाय सेक्स होऊनही, व्हायरल लोड दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. पण हे कवच एचआयव्हीपुरतंच. सिफिलिस, परमा, हेपॅटायटिस सी यांना तुझ्या गोळीशी काही देणंघेणं नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी कर, आणि नुसती लघवी देऊन येऊ नकोस. घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅबही माग, तिथला परमा बरेचदा काहीच त्रास देत नाही. हेपॅटायटिस सी सुईतून जातो तसा नाकाने ओढायच्या सामायिक नळीतूनही जाऊ शकतो. आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो, पण पुन्हा होऊ शकतो.

आता खरी भीतीची गोष्ट. तुझ्या औषधांत रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट आहे का बघ. ही दोन्ही यकृताचा औषधं मोडायचा वेग मंदावतात, त्यामुळे नेहमीच्याच मात्रेची नशा अंगात कितीतरी जास्त चढू शकते. सिल्डेनाफिलचंही (व्हायग्रातलं औषध) तेच: रिटोनाव्हिरबरोबर ४८ तासांत २५ मिलिग्रॅमच्या वर नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. एका रात्री बाथरूमच्या फरशीवर शुद्धीवर आलो. सिल्डेनाफिलवर पॉपर्स (बाटलीतून हुंगायची नशा) तर कुणीच हुंगू नयेत, रक्तदाब धाडकन उतरतो.

तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिही: काय घेतोस, किती वेळा, सुईने की नाकाने. मी तसंच केलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, रिटोनाव्हिर काढून डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं दुसरं औषध सुरू केलं आणि रक्त द्यायला पाठवलं. ओरडले वगैरे काही नाहीत.