मागूर: डोस नव्हे, घड्याळ चुकले

प्रश्न: देशी मागूर माशाच्या १६० ग्रॅमच्या माद्यांना ओव्हाप्रिम (अंडी सोडायला लावणारे संप्रेरकाचे इंजेक्शन) किलोला १ मिली या हिशेबाने टोचले. पाणी २८ अंश. तक्त्याप्रमाणे १० तासांनी पोट दाबले, तर थोडीच अंडी आली, तीही रक्तासकट. फलन केले, पण सकाळपर्यंत बहुतेक पांढरी पडली. डोस वाढवू का?
– एक बीजोत्पादक

उत्तर: वाढवू नका. तुमच्या हातातला तक्ता आफ्रिकन मागूरचा दिसतो. त्याची मादी या तापमानाला ८ ते १० तासांत तयार होते. देशी मागूरला साधारण १६-१७ तास लागतात, पाणी गार असेल तर आणखी. संध्याकाळी ६ला टोचलेली मादी दुसऱ्या दिवशी सकाळी १०-११ला बघायची. तुमच्या १० तासांच्या हिशेबाने ती पहाटे ४लाच दाबली जाते. अंडाशयातून न सुटलेली अंडी जोराने ओढली की रक्त येणारच, आणि अशा कच्च्या अंड्यांचे फलन होत नाही.

मादी कोरड्या फडक्यात धरा, अंगठा पोटावरून हलकेच शेपटीकडे न्या. तयार असेल तर अंडी सुटी, धारेने येतात. अडली, तर तिला परत टाकीत सोडून तासाभराने पाहा. मात्र फार उशीरही नको. अंगात राहून गेलेली अंडीही वाया जातात.

डोसचे मोजमाप मात्र तपासा. १६० ग्रॅमला ०.१६ मिली. १०० खुणांच्या १ मिली सिरिंजवर ते १६ खुणा, पण इन्सुलिनच्या ४० खुणांच्या सिरिंजवर साडेसहाच्या जरा आत. तिथे १६ मोजलेत तर डोस अडीच पट! औषध दाट असते. सुई सावकाश काढा आणि जागेवर बोट दाबून धरा, नाहीतर अर्धे बाहेर येते.

फलनाचे भांडे कोरडेच हवे. अंड्यांना पाणी लागले की शुक्राणू आत शिरायचे छिद्र लवकरच मिटते, आणि शुक्राणूही पाण्यात जेमतेम मिनिटभर धावतात. म्हणून आधी अंडी आणि वीर्य पिसाने कालवा, मग स्वच्छ पाणी घालून मिनिटभर ढवळा, धुवा आणि लगेच जाळीवर एकाच थरात पसरा. अंडी चिकट असतात; गठ्ठा झाला की मधली गुदमरतात, मग बुरशी. पांढरी दिसतील तशी काढत राहा.

प्रश्न: नर न मारता वीर्य काढता येईल का?

उत्तर: पोट दाबून नाही, मागूरच्या नराची रचनाच तशी आहे. वृषण काढून, रक्त पुसून, लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात कुस्करा आणि गाळा. या पाण्यात शुक्राणू शांत राहतात. नराला निम्मा डोस पुरतो.