‘रोज यायची गरज नाही’ म्हणणाऱ्या कॉलेजात बी.एड. करू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी बार्शीची, वय ३१, एम.एस्सी. केमिस्ट्री. ६ वर्षं औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते, मुलगी झाल्यावर सोडलं. गेली २ वर्षं घरीच नववी-दहावीच्या मुलांची शिकवणी घेते आणि खरं सांगते, एवढं समाधान लॅबमध्ये कधी मिळालं नाही, म्हणून आता बी.एड. करून हायस्कूलला शिकवायचं ठरवलंय. एका कॉलेजवाले म्हणतात रोज यायची गरज नाही, पाठ-बिठ आम्ही बघून घेतो, परीक्षेला या फक्त. मुलगी ४ वर्षांची, त्यामुळे घरच्यांना ते सोयीचं वाटतंय. सासरे म्हणतात भरतीच होत नाही तर २ वर्षं कशाला घालवायची. काय करू?

उत्तर : ‘पाठ-बिठ आम्ही बघून घेतो’ या वाक्यावर मी अडकलेच, म्हणून आधी तेच. तिथे ॲडमिशन घेऊ नका. बी.एड. पूर्वी वर्षभराचं होतं, २०१५ पासून ते २ वर्षांचं झालं ते उगाच नाही, त्यात २० आठवडे इंटर्नशिप म्हणून शाळेत काढायचे असतात आणि त्यातले १६ दुसऱ्या वर्षी, आणि एनसीटीईचा, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचा, नियम असा की तासांना ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी पाहिजेच. ते कॉलेज तुम्हाला सवलत देत नाहीये हो, तुमचं शिकणंच काढून घेतंय.

मी बरीच वर्षं बी.एड.च्या मुलांचे पाठ, म्हणजे खऱ्या वर्गावर घेतलेले सरावाचे तास, बघितलेत, वर्गात मागच्या बाकावर बसून. एक मुलगी होती, तुमच्यासारखीच केमिस्ट्रीची, विषयात अगदी पक्की. आठवीला आम्ल-आम्लारी घेतलं. सगळा वेळ फळ्याकडे तोंड, ३५ मिनिटांचा तास आणि हिचं ११ मिनिटांत संपलं. मग एका पोराने विचारलं, मॅडम चिंच आम्ल आहे ना, मग ती हाताला भाजत का नाही? हिला उत्तर येत होतं, पण ते एम.एस्सी.च्या भाषेत, १३ वर्षांच्या पोराला सांगता येईल असं नव्हतं, ती नुसती उभी राहिली, डोळ्यात पाणी. मी तिच्या टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) वहीत लिहिलं की पुढच्या पाठाला आधी मुलांना काहीतरी करायला द्या आणि मग बोला. पुढच्या आठवड्यात ती चिंचेचं पाणी, लिंबू, साबणाचं पाणी आणि हळदीत बुडवून वाळवलेले कागद घेऊन आली, मुलांनीच थेंब टाकले, साबणाने कागद लाल झाला तेव्हा वर्गात जो गलका झाला, आणि ती मधे न बोलता थांबली! तो थांबायचा धीर कुठल्या पुस्तकात नाही, पाठ घेऊन, शेरा वाचून, परत पाठ घेऊनच येतो. सूक्ष्म अध्यापनात ६ मिनिटांचा पाठ, मग चर्चा, परत टाचण, परत तोच पाठ असं ३६ मिनिटांचं चक्र लावतात ते याचसाठी. शिकवणीत ५-६ मुलं असतात आणि ती शिकायलाच आलेली असतात, ६० जणांचा वर्ग हे वेगळंच काम आहे.

आता सासऱ्यांचं. त्यांची काळजी खोटी नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून होते, त्यासाठी टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, २०० मार्कांची, २ तासांत २०० प्रश्न, आणि ती २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. नोकरी लागली तरी पहिली ३ वर्षं शिक्षण सेवक, हायस्कूलला महिना १८ हजार मानधन, ज्युनिअर कॉलेजला २० हजार. घर यावर चालणार असेल तर आधीच हिशोब करून बसा, नंतर मनस्ताप नको. पण तुमच्या बाजूनेही बरंच आहे, एम.एस्सी. असल्यामुळे नववी-दहावीबरोबर अकरावी-बारावीचा रस्ताही उघडा राहतो. आणि सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर २ गणित-विज्ञान घेऊन देऊन टाका, १५० पैकी ९० लागतात (राखीव गटाला ५५ टक्के), एकदा पास झालं की आता ते आयुष्यभर चालतं. टेट आणि टीईटी वेगळ्या बरं का, फॉर्म भरताना लोक गोंधळतात.

सीईटीचं, म्हणजे बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचं, टेन्शन घेऊ नका. १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, केमिस्ट्री तर त्यात नसतेच, बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता एवढंच. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सुचवणारे भेटतील, पण ते आधीच प्रशिक्षण घेऊन शाळेत नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

मुलीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो घरच्यांसमोर मांडाच. पहिलं वर्ष बऱ्यापैकी निभतं, दुसऱ्या वर्षीचे ते १६ आठवडे सकाळी शाळा आणि रात्री टाचण, तेवढ्यासाठी तिच्याकडे कोण बघणार ते आत्ताच ठरवा. शक्य तितकं जवळचं कॉलेज घ्या. आणि कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) कॉलेजांचे ऑप्शन भरायच्या आधी त्या कॉलेजात एखाद्या साध्या वारी स्वतः जा, मागच्या वर्षीच्या मुलांच्या पाठांच्या वह्या बघायला मागा. निरीक्षकाचा शेरा प्रत्येक पाठाला वेगळा आहे की सगळीकडे ‘चांगला प्रयत्न’ एवढंच लिहून सही, ते बघा.

प्रश्न : मी बी.ए. बी.एड., २०२४ ला पास. झेडपीच्या पहिली ते पाचवीला अर्ज करता येईल का?

उत्तर : नाही रे बाळा. ११ ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या वर्गांना बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. तुझी जागा सहावीपासून पुढे, त्यामुळे टीईटीचा पेपर १ वर फी घालवू नको, सामाजिक शास्त्र घेऊन पेपर २ ची तयारी कर, त्यात ६० मार्क तुझ्याच विषयाचे आहेत.