वेगळं ताट, बंद खिडकी

प्रश्न : दिरांना फुफ्फुसाचा टीबी निघालाय. कोपरखैरण्यात आमच्या दोनच खोल्या. सासूबाईंनी त्यांचं ताट, पेला वेगळा केलाय. डासांमुळे खिडक्या मात्र दिवसभर बंद. मुलगी चार वर्षांची आहे. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंची काळजी खरी, पण पहारा चुकीच्या दारावर बसलाय. टीबी ताटा-पेल्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो; बंद खोलीत खोकल्यातले जंतू तासन्‌तास तरंगत राहतात. ताट मांडणीत परत जाऊ दे. वेगळ्या पेल्यानं दीर तेवढे दुखावतात, दुसरं काही साधत नाही. खिडकीला डासांची जाळी मारा आणि खिडकी सताड उघडा. दिरांनी घरातही मास्क लावावा, अंथरूण खिडकीशी घालावं. गोळ्या नियमित चालू असतील, लागू पडत असतील, तर काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका खूप उतरतो. मात्र बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स किमान 6 महिन्यांचा.

मुलीचं मात्र आजच बघा. ‘बीसीजी टोचलंय की!’ असं घरात कोणी म्हणेल. ती लस लहान मुलांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, संसर्ग पुरता रोखत नाही. दिरांचे कागद घेऊन महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जा. तपासणीत तिला टीबी नसेल, तर प्रतिबंधक औषध तिथे मोफत मिळतं. घरातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्या, सासूबाईंनीसुद्धा.