आईवडील ऊसतोडीला गेले की मुलं दिवाळीनंतर शाळेतून गळतात. वर्गशिक्षकाने काय करावं?

ही मुलं दांड्या मारत नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, उसाच्या फडावर जातो आणि कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) धाकट्याला सांभाळायला थोरलीच उरते. म्हणून दसऱ्याआधीच घरी जा, आजीशी बोला. आजी तयार असेल तर हंगामी वसतिगृहातून जेवणाची सोय होऊन मूल गावातच राहतं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा प्रस्ताव मात्र वेळेत जायला हवा. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवून प्रवेश घ्यायचं कार्ड. दाखला नाही म्हणून कारखान्याजवळची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. माझ्या वर्गातल्या एकीने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात जपलं होतं. आणि परत आल्यावर हजेरीवरून रागावू नका, पहिल्या दिवशी तर अजिबात नाही.