पीएचडीला किती खरीप?

प्रश्न: माझी लेक एम.एस्सी. प्राणिशास्त्र झाली, ६२ टक्के. पीएचडी करतो म्हणते. कोणी तीन साल सांगते, आमच्या गावच्या एका पोराले तर सात लागले. घरी पाच एकर कोरडवाहू हाय, सोयरिकाही येऊन राहिल्या. नेमके किती साल धरू?
– एक वडील, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, दोघंही खरंच सांगतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, धरून कमीत कमी तीन वर्षं आहेत, जास्तीत जास्त सहा. पुढे पुनर्नोंदणीने दोन मिळतात, मुलींना आणखी दोन. ही मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून. त्याआधी गाईड मिळेपर्यंतची वाट वेगळी. तुम्ही पाच धरा.

का, ते तुम्हाला लवकर समजेल. समजा तिने कपाशीवरच्या किडींचा विषय घेतला. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि आराखड्याच्या मंजुरीत जातं. निरीक्षणं खरिपातच होणार. एका हंगामात पाऊस लांबला, सापळे नीट लागले नाहीत, की दुबार पेरणी आलीच. फक्त इथली दुबार पेरणी थेट पुढच्या जूनमध्ये! मग लिखाण. थिसिस जमा झाला तरी तो बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जातो. माझा एका परीक्षकाच्या टेबलावर सात महिने पडून होता. आई फोनवर विचारायची, "झालं का वो?" शेवटी मी फोन उचलणंच कमी केलं.

पण खरा घोळ पैशाचा असतो. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार. नेटमध्ये 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' अशीही एक श्रेणी आहे. तिने प्रवेशाला मदत होते, पैसा मिळत नाही. तुमच्या प्रवर्गाप्रमाणे महाज्योती, बार्टी किंवा सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातीवर नजर ठेवा. फेलोशिप नसलेली पोरं तासिका तत्त्वावर शिकवत फिरतात आणि पाचाची सात तिथंच होतात. तुमच्या गावच्या पोराचंही बहुधा तेच झालं असेल.

गाईड ठरवण्याआधी लेकीने त्यांच्याकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठावं: किती वर्षं लागली, सर वाचून परत कधी देतात? निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर गाईडला नवा विद्यार्थी घेताच येत नाही. चार उरली असतील तर घेता येतो, आणि मी तरी तिथं जाऊ नका म्हणेन.

तिला नुसतं प्राध्यापकच व्हायचं असेल तर २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पुरते. हे एकदा तिलाच विचारा.

सोयरिकीचं म्हणाल तर पाच वर्षांची गोष्ट पहिल्याच बैठकीत पाहुण्यांसमोर बोला, तिच्यादेखत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची सोय नियमात आहे, तेही सांगा.

आणि एक. डिसेंबर सत्राची नेट ऐन वेचणीच्या दिवसांत येते. त्या दीड-दोन महिन्यांत तिला वावरात नेऊ नका, मजुरीनं एक बाई जास्त लावा.